हमालाच्या खांद्यावरचा रवा आणि पुस्तकातलं शून्य

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, उतरवायचं-चढवायचं काम करतात. मुलगी नववीत आहे. 'कार्य आणि ऊर्जा' हा धडा वाचून तिनं घरी सांगितलं, की सपाट जागेवर ओझं घेऊन चालणाऱ्या माणसाचं कार्य शून्य असतं. यांचं म्हणणं, "दिवसभर तीस-तीस किलोचे रवे वाहून पाठ मोडते आणि विज्ञान म्हणतं शून्य? हे कुणी ठरवलं आणि कशासाठी?"

नववी ते बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. हा प्रश्न वर्गात नेहमी येतो, पण तो विचारणाऱ्या मुलानं बहुधा दप्तरापलीकडे ओझं उचललेलं नसतं. तुम्ही विचारलाय म्हटल्यावर 'पुस्तकात तसंच आहे' म्हणून सुटका नाही.

पुस्तक चुकलेलं नाही, पण मुलीनं सांगितलेलं वाक्य अर्धं आहे. 'माणसाचं कार्य शून्य' असं फिजिक्स म्हणतच नाही. ते म्हणतं, की रव्यावरच्या गुरुत्वीय बलानं केलेलं कार्य शून्य, आणि तुमच्या खांद्यानं रव्याला वर तोलून धरलंय त्या बलाचंही शून्य. हिशेब नेहमी एका ठरावीक बलाचा असतो. कोणतं बल, कोणत्या वस्तूवर, आणि त्या बलाच्या दिशेनं ती वस्तू किती सरकली, एवढं ठरल्याशिवाय कार्याबद्दल बोलूच नये. निम्म्याहून जास्त गोंधळ हे न ठरवता गणित सुरू केल्यामुळे होतो.

आता आकडे घेऊ. पृथ्वी ३० किलोच्या रव्याला साधारण २९४ न्यूटन बलानं खाली ओढते (३० गुणिले ९.८). तुम्ही तो जमिनीवरून खांद्यावर घेता, म्हणजे सुमारे दीड मीटर वर. तुमचं बल वर, रव्याचं सरकणंही वर. कार्य झालं २९४ गुणिले १.५, म्हणजे ४४१ ज्यूल (ज्यूल हे कार्याचं आणि ऊर्जेचं एकक). इथं शून्य वगैरे काही नाही. मग तो घेऊन तुम्ही चाळीस मीटरवरच्या गाळ्यापर्यंत चालत जाता. खांदा अजूनही २९४ न्यूटननं रव्याला वर ढकलतोच आहे, पण रवा सरकतोय आडवा. वरच्या दिशेनं तो किती सरकला? काहीच नाही. म्हणून त्या चाळीस मीटरमध्ये खांद्याच्या त्या बलाचं कार्य शून्य. चाळीसऐवजी चारशे मीटर चाललात तरी शून्यच.

निघताना मात्र थोडं कार्य होतं. थांबलेल्या रव्याला सेकंदाला एक मीटर एवढा चालण्याचा वेग द्यायला खांद्यानं त्याला पुढंही ढकलावं लागतं. त्याचे १५ ज्यूल. गाळ्यापाशी थांबताना तेच १५ ज्यूल परत निघून जातात. उचलण्याच्या ४४१ पुढं हे १५ म्हणजे चिल्लर, म्हणून पुस्तकं त्यांचा उल्लेख टाळतात. मला वाटतं टाळू नये, कारण 'सपाट जागेवर शून्य' हा नियम एकसारख्या वेगानं चालतानाच लागू आहे, हे त्यातूनच कळतं.

मग पाठ का मोडते? रव्याला मिळालेली ऊर्जा ही एक गोष्ट आणि तुमच्या शरीरानं खर्च केलेली ऊर्जा ही दुसरी, म्हणून. स्नायू ताणून धरला की आतले बारीक प्रथिनांचे धागे एकमेकांना पकडतात, ओढतात, सोडतात, पुन्हा पकडतात. हे दर सेकंदाला कितीतरी वेळा चालू असतं आणि प्रत्येक पकडीला शरीरातलं इंधन लागतं. रवा जागचा हलला नाही तरी हा खर्च थांबत नाही. सगळी ऊर्जा उष्णता होऊन जाते. घाम त्याचाच. तोच रवा ओट्यावर ठेवला तर ओटाही त्याला २९४ न्यूटननंच वर धरतो, पण ओट्याला इंधन लागत नाही. शिवाय चालताना तुमचं अंग आणि रवा दर पावलाला थोडे वर जातात, थोडे खाली येतात. वर नेताना स्नायू ऊर्जा देतात. खाली येताना ती स्नायूंना परत मिळायला हवी, पण शरीराला ती साठवून वापरता येते थोडीच. बाकीची वाया. तेव्हा तुमचा थकवा शंभर टक्के खरा आहे, फक्त तो रव्याच्या खात्यावर दिसत नाही.

खातं म्हणालो, कारण अडत दुकानातली खतावणी तुम्ही रोज बघता आणि कार्य समजायला तिच्याइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही. प्रत्येक वस्तूचं एक खातं, त्यात ऊर्जा जमा होते किंवा नावे पडते, आणि कार्य म्हणजे बलाच्या मार्फत झालेली एक नोंद. खांद्यानं रवा वर नेला: रव्याच्या खाती ४४१ जमा, ही त्याची स्थितिज, म्हणजे उंचीमुळे साठलेली, ऊर्जा. तुम्ही तो सावकाश खाली ठेवला: तुमचं बल वर, सरकणं खाली, म्हणून तुमच्या बलाचं कार्य उणे ४४१. ऋण कार्य म्हटलं की मुलं समजतात दिशा उलटी झाली. कार्याला दिशाच नसते. जमा आणि नावे यांना पूर्व-पश्चिम असते का? ऋण म्हणजे त्या बलानं वस्तूच्या खात्यातून ऊर्जा काढून घेतली, एवढंच. आणि तुमची हमाली नगावर किंवा क्विंटलवर ठरते, ज्यूलवर नाही. तशी ठरली असती तर उतरवून ठेवायचे पैसे तुमच्याकडूनच कापले असते!

हे कुणी ठरवलं, हा तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. अंतरच का धरलं? रवा किती वेळ धरला ते का नाही? वेळ धरूनही एक राशी होते: बल गुणिले वेळ, त्यातून संवेग (वस्तुमान गुणिले वेग) किती बदलला ते कळतं. गतीचं खरं माप कोणतं यावर युरोपात मोठा वाद झाला. देकार्तच्या बाजूचे लोक वस्तुमान गुणिले वेग म्हणायचे, तर १६८६ मध्ये लायब्निझनं वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग हे माप पुढं आणलं. पुढं कळलं की दोन्ही मापं उपयोगाची आहेत, कामं वेगळी. पण 'बल गुणिले अंतर' या राशीला महत्त्व आलं ते यंत्रांमुळे. इंग्लंडातल्या खाणींत पाणी भरायचं आणि वाफेची इंजिनं ते उपसायची. इंजिनाची किंमत कशावर ठरवणार? किती वजनाचं पाणी किती उंच चढवलं यावर. दुप्पट पाणी चढवलं तर दुप्पट कोळसा, दुप्पट उंच चढवलं तरी दुप्पट कोळसा. पाणी नुसतं धरून ठेवायला कोळसा लागत नाही, टाकी ते फुकट धरते. जेम्स वॉटनं अश्वशक्तीचं माप बांधलं तेही असंच: एका मिनिटात ३३,००० पौंड वजन एक फूट वर, आजच्या हिशेबानं सुमारे ७४६ वॅट, म्हणजे सेकंदाला ७४६ ज्यूल. १८२९ मध्ये फ्रान्सच्या कोरिओलिसनं बल आणि अंतराच्या या गुणाकाराला आजच्या अर्थानं कार्य हे नाव पक्कं केलं. वाऱ्यांच्या वळण्याबद्दल ज्याचं नाव आपण ऐकतो, तोच हा.

खाणी लांब राहिल्या, पंचगंगेच्या काठावर बघा. नदीचं पाणी उसाला चढवणारी पाच एचपीची, म्हणजे पाच अश्वशक्तीची, मोटर म्हणजे सेकंदाला ३,७३० ज्यूल. वीस मीटर उंचीवर एक लिटर पाणी न्यायला १९६ ज्यूल लागतात. भागाकार केला तर सेकंदाला एकोणीस लिटर. प्रत्यक्षात पंप, फूटव्हॉल्व्ह, पाइपातलं घर्षण धरून साधारण निम्मं पाणी पडतं. शेतकरी दुकानदाराला आधी 'हेड किती?', म्हणजे पाणी किती उंच चढवायचं, हे सांगतो, मग मोटर ठरते. बल, अंतर आणि वेळ यांचा संबंध त्याला पाठ असतो, फक्त तो सूत्रात लिहीत नाही.

आता कोन. मुलीच्या पुस्तकात कॉस थीटा येतो आणि तिथं मुलं दबकतात. हातगाडी ओढताना दांडी कंबरेच्या वर धरली तर तुमचं बल तिरकं लागतं. समजा १०० न्यूटन, जमिनीशी ३० अंशांत. त्यातलं पुढं नेणारं ८७ न्यूटनच्या आसपास. उरलेला भाग गाडीला जरा उचलतो. पन्नास मीटरला कार्य झालं सुमारे ४,३३० ज्यूल, ५,००० नव्हे. कोन वाढत जाऊन ९० अंशांवर गेला की पुढं नेणारा वाटा संपतो. रव्याच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं: बल उभं, चाल आडवी. गोफण फिरवताना दोरीचा ताण कायम आत आणि दगड कायम आडवा, म्हणून वेग न बदलता फिरवत असाल तर तिथंही कार्य शून्य. तुमच्या उदाहरणासारखंच, फक्त गोल.

पण इथं एक खड्डा आहे आणि हुशार मुलंच त्यात पडतात. प्रश्न येतो: एक माणूस हातगाडी ढकलत रंकाळा तलावाला पूर्ण फेरी मारून पहिल्या जागी आला, कार्य किती? मुलं लिहितात, विस्थापन शून्य म्हणून कार्य शून्य. गुरुत्वाच्या बाबतीत बरोबर. चढावर त्यानं जेवढं घेतलं तेवढं उतारावर दिलं. पण ढकलणाऱ्या माणसाचं बल प्रत्येक वळणावर गाडीबरोबर दिशा बदलत होतं आणि नेहमी पुढंच होतं. ५० न्यूटननं ढकलत असेल तर दर किलोमीटरला ५०,००० ज्यूल, फेरी पुरी झाली म्हणून ते पुसले जात नाहीत. घर्षणानं तेवढंच ऋण कार्य केलं, म्हणून गाडीचा वेग वाढला नाही आणि चाकांचे आस तेवढे गरम झाले. 'बल गुणिले विस्थापन' हे सूत्र बलाची दिशा आणि किंमत बदलत नसेल तरच सरळ वापरायचं. बदलत असेल तर रस्त्याचे छोटे तुकडे पाडून बेरीज करायची, किंवा बल आणि अंतराचा आलेख काढून खालचं क्षेत्रफळ मोजायचं. स्प्रिंग जितकी ताणावी तितकं बल वाढत जातं, म्हणून आलेखाखाली त्रिकोण होतो; तिच्या ऊर्जेच्या सूत्रात एक छेद दोन येतो तो त्या त्रिकोणामुळेच.

फळीचं तुम्हाला सांगायला नको. ट्रकला फळी लावून रवा वर ढकलता तेव्हा जोर कमी लागतो. एक मीटर उंची आणि तीन मीटर फळी असेल तर, घर्षण सोडून, २९४ च्या जागी ९८ न्यूटन. पण अंतर तिप्पट. कार्य तेच, २९४ ज्यूल. घर्षण धरलं तर उलट जास्तच. फळी ऊर्जा वाचवत नाही, कंबर वाचवते, आणि कंबरेची किंमत ज्यूलमध्ये होत नाही.

या हिशेबाचा मोठा नमुना म्हणजे पन्हाळा. गड भोवतालच्या मुलखापासून सुमारे चारशे मीटर उंच आहे. सत्तर किलोचा माणूस पायवाटेनं चढो, घाटातल्या डांबरी रस्त्यानं चढो, गुरुत्वाविरुद्धचं कार्य ७० गुणिले ९.८ गुणिले ४००, म्हणजे पावणेतीन लाख ज्यूल. ऐकायला प्रचंड. आता हे गुळात मोजा: शंभर ग्रॅम गुळातून साधारण ३८० किलोकॅलरी मिळतात, त्या हिशेबानं पन्हाळा चढण्याचं कार्य म्हणजे १७-१८ ग्रॅम गूळ. स्नायू मिळालेल्या ऊर्जेचा साधारण चौथा भागच कार्यात उतरवतात, तेव्हा सत्तर ग्रॅम धरा. कोल्हापूरहून पायथ्यापर्यंतच्या चालण्याचा गूळ वेगळा, जरी त्या सपाट वाटेवर गुरुत्वाचं कार्य जवळजवळ शून्यच! उष्णतेच्या मानानं यांत्रिक कार्य किती छोटं असतं याचा आणखी एक अंदाज देतो: रवा खांद्यावर घ्यायचे तुमचे ४४१ ज्यूल शंभर मिलिलिटर पाण्यात घातले तर ते जेमतेम एक अंशानं तापेल. वजन पडतं ठेवून त्यावर फिरणाऱ्या पात्यांनी पाणी घुसळायचं आणि तापमान किती वाढलं ते मोजायचं, हा प्रयोग जेम्स ज्यूलनं १८४० च्या दशकात केला. एकक त्याच्या नावाचं आहे ते उगीच नाही.

तालमीतही हेच. खासबागेत दोन पैलवान हाताला हात भिडवून अडून उभे राहतात, दोघंही जागचे हलत नाहीत, प्रेक्षक टाळ्या वाजवतात आणि एकानं दुसऱ्यावर केलेलं कार्य शून्य. बैठका मारणारा ऐंशी किलोचा पैलवान दर बैठकीला अंग अर्धा मीटर वर नेतो, म्हणजे ४०० ज्यूलच्या आत-बाहेर, तेवढे गुरुत्व काढून घेतं आणि खाली येताना परत देतं. बेरीज शून्य. तरी थंडाई लागतेच.

आता गती, म्हणजे या धड्याचा असा भाग की जो न समजल्यानं माणसं मरतात. एखाद्या वस्तूवरच्या सगळ्या बलांच्या कार्याची बेरीज केली की तेवढी तिची गतिज, म्हणजे वेगामुळे असलेली, ऊर्जा बदलते. रवा एकसारख्या वेगानं नेला तेव्हा बेरीज शून्य आली, कारण वेग बदलला नाही. हातगाडीतही तसंच. गाडीला ब्रेक लावला की बेरीज ऋण. मोटारसायकल आणि स्वार मिळून १८० किलो, वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर. गतिज ऊर्जा ९,००० ज्यूल. ब्रेकमुळे ९०० न्यूटन रोधक बल मिळतंय असं धरलं तर गाडी १० मीटरमध्ये थांबते. आता शिरोलीच्या बाजूला हायवेला लागलात आणि ७२ चा वेग घेतलात. वेग दुप्पट, ऊर्जा चौपट, ३६,००० ज्यूल. ब्रेक तोच, म्हणून अंतर ४० मीटर. ब्रेक दाबायचं डोक्यात येऊन हात चालेपर्यंत एक सेकंद गेला तर त्यात आणखी २० मीटर. ओल्या रस्त्यावर बल निम्म्यावर आलं तर थांबायचं अंतर दुप्पट. वेगाचा वर्ग असा रस्त्यावर भेटतो.

इथं बारावीच्या मुलांना मी एक प्रश्न टाकायचो. गाडी थांबवणारं बाहेरचं बल रस्त्याचं घर्षण आहे, हे खरं. पण टायर न घसरता फिरत असेल तर जमिनीला टेकलेला टायरचा ठिपका त्या क्षणी स्थिर असतो. मग रस्त्यानं कार्य केलं कसं? उत्तर असं की रस्ता ऊर्जा खात नाही. ती ब्रेकच्या पट्ट्या आणि ड्रम खातात, कारण घासणं तिथं आहे. पूर्ण गाडी एक ठिपका मानून 'बल गुणिले अंतर' केलं की अंतराचं उत्तर बरोबर येतं, पण ऊर्जा कुठं गेली ते त्यातून कळत नाही. पन्हाळ्याचा घाट उतरताना हे हाताला कळतं. तीच १८० किलोची गाडी चारशे मीटर खाली आणायची म्हणजे सात लाख ज्यूल कुठंतरी जिरवायचे, ३६ च्या वेगातून पंचाहत्तरच्या वर वेळा गाडी थांबवण्याइतके. सगळे ब्रेकवर टाकले तर ड्रम तापतो आणि ब्रेक धरेनासा होतो. म्हणून जुने ड्रायव्हर ज्या गिअरला गाडी चढते त्याच गिअरला उतरवतात. इंजिन आपला वाटा उचलतं. पेट्रोल वाचवायला घाटात न्यूट्रल करणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार, पण मी त्यांच्या मागं बसणार नाही.

मुलीच्या परीक्षेबद्दल एवढंच. उत्तर लिहिताना बलाचं नाव आधी लिहायला सांगा: 'गुरुत्वीय बलाने रव्यावर केलेले कार्य', 'घर्षण बलाने गाडीवर केलेले कार्य'. मग बलाचा एक बाण, सरकण्याचा एक बाण, मधला कोन. बाण एका दिशेला असतील तर धन, काटकोनात असतील तर शून्य, समोरासमोर असतील तर ऋण. 'हमालाने केलेले कार्य किती?' असा मोघम प्रश्न आलाच, तर उचलणं, चालणं आणि ठेवणं यांच्या तीन वेगळ्या ओळी लिहायला सांगा: अधिक ४४१, शून्य, उणे ४४१. तिला आकडे पटले नाहीत तर घरच्या जिन्यावर करून बघू दे. एका पायरीची उंची पट्टीनं मोजायची, पायऱ्या मोजायच्या, स्वतःचं वजन किलोत धरून ९.८ नं गुणायचं, आणि एकदा सावकाश, एकदा पळत वर जायचं. दोन्ही वेळचं गुरुत्वाविरुद्धचं कार्य एकच येईल. घड्याळातल्या सेकंदांनी भागल्यावर जो फरक दिसेल ती शक्ती, आणि त्याच धड्यात पुढं तिला ती भेटेलच.